तंबू काढला तो शुक्रवार

आमच्या बांधकाम कंपनीतल्या दीडेकशे माणसांचे पासपोर्ट एका करड्या लोखंडी कपाटात असत आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असे. नव्वदच्या दशकातल्या दुबईत यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माणूस कामावर रुजू झाला की त्याचा पासपोर्ट कंपनीकडे जमा व्हायचा. गावी जायची वेळ आली की अर्ज, सही, शिक्का होऊन तो परत त्याच्या हातात पडायचा. दुसरी किल्ली मालकाकडे होती, पण मालक वर्षातले निम्मे महिने त्याच्या देशात असायचा. म्हणजे अल क्वोजच्या गोदामवस्तीतल्या पत्र्याच्या ऑफिसात बसून कुणी घरी कधी जायचं हे व्यवहारात मीच ठरवत होतो. हुद्दा म्हणाल तर साधा ऑफिस असिस्टंट. पण त्या किल्लीपायी पन्नाशीला टेकलेले गवंडी आणि सुतार मला साहेब म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. आज लिहायला लाज वाटते, पण आवडायचं.

रजेचे अर्ज वाचून वाचून मी निगरगट्ट झालो होतो. कुणाला पेरणीला जायचं असे, कुणाला मेहुणीच्या लग्नाला, आणि ही कारणं चालणार नाहीत हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे अर्जात एकच ओळ असायची, ‘मदर सीरियस’. एका प्लंबरच्या आईला तर मी तीन वर्षांत दोनदा गेलेली पाहिलं होतं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी त्याला हसत हसत विचारलं, की बाबा रे, तुझ्या घरी आया आहेत तरी किती? आजूबाजूचे सगळे हसले, तोही हसला. माझं शहाणपण त्या हसण्यावर पोसलं जात होतं.

त्या वर्षी हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता. हत्ताच्या डोंगरातलं धरण भरलंय, पाण्याकाठी लोक तंबू टाकून राहतात, असं करामा भागातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांच्या तोंडी होतं. मार्च महिना, मुलीची परीक्षा नुकतीच संपलेली, उन्हाळा अजून दारात यायचा होता. मुलगी आठ वर्षांची. तिने तंबू फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता आणि तीन आठवडे तिने माझा पिच्छा पुरवला होता. शेवटी शेजाऱ्यांकडून एक जुना तंबू मागून आणला. कापड धड होतं, दोऱ्याही होत्या, पण जमिनीत ठोकायच्या खुंट्या कुठेतरी हरवल्या होत्या.

खुंट्यांचं काम मी आमच्या शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटसाठी फळ्यांचे साचे ठोकणाऱ्या, सुताराला सांगितलं. राजापूरच्या बाजूचा माणूस, अकरा वर्षं कंपनीत, राहायला कामगारांच्या कॅम्पवर, माझ्याहून वयाने दहा वर्षांनी तरी मोठा. तरीही मी त्याला अरे-तुरे करायचो. आमच्या मुलीची लाकडी कॉट त्यानेच दुरुस्त करून दिली होती, म्हणून ती त्याला सुतारकाका म्हणायची. बुधवारी सांगितलं आणि गुरुवारी दुपारी तो सोळा खुंट्या घेऊन हजर. साइटवरच्या टाकाऊ लाकडातून केलेल्या, पण एकसारख्या तासलेल्या, टोकं अणकुचीदार, आणि दोरी सरकू नये म्हणून वरच्या अंगाला खाच.

गुरुवारी आमचं अर्धा दिवस काम असे आणि शुक्रवारी सुट्टी. दोन वाजून गेले होते. घरी बायको डबे भरून बसली होती आणि मला निघायची घाई. खुंट्या टेबलावर ठेवून सुतार तिथेच उभा राहिला.

“साहेब, जरा काम होतं. सकाळी कॅम्पच्या फोनवर भावाचा फोन आलेला. आयेला बरं नाय म्हणे.”

“काय झालंय?”

“तसं काय सांगितलान नाय. जमलं तर येऊन जा, एवढंच सांगितलान. म्हटलं, पासपोर्ट मिळेल काय? संध्याकाळचं विमान असतं.”

“सीरियस आहे म्हणाला का?”

त्याने टेबलावरची एक खुंटी उचलून परत ठेवली. खोटं बोलायची सवय असती तर त्याचं काम तिथेच झालं असतं. “नाय,” तो म्हणाला, “सीरियस नाय म्हणाला.”

“मग घाई कशाला? आता अर्ज करायचा, सही व्हायची, मी निघालोय बाहेर. शनिवारी सकाळी पहिलं तुझंच काम करतो.”

“बरं साहेब.”

कपाट माझ्या पाठीमागे चार पावलांवर होतं. पासपोर्ट काढून द्यायला पाच मिनिटं लागली असती. सही मागाहून घेता आली असती. तशी मी कितीदा घेतली होती. पण मला उशीर होत होता, आणि ‘बरं नाही’ हे कारण ‘सीरियस’पेक्षाही किरकोळ वाटलं. तो गाडीपर्यंत माझ्याबरोबर आला; टपावर तंबूचं बोचकं मी कसंबसं बांधलं होतं. ते पाहून तो म्हणाला, “हे वाटेत पडेल साहेब,” आणि त्याने सगळं सोडून पुन्हा स्वतःच्या हाताने आवळून बांधून दिलं. मी थँक्यू म्हटलं आणि निघालो.

वाटेत तांबड्या वाळूच्या टेकड्या लागल्या, मग काळे खडकाळ डोंगर. काही मैल रस्ता ओमानच्या हद्दीतून जातो हे मी मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, “सो आर वी इन ओमान नाऊ? कॅन आय टेल माय फ्रेंड्स?” बायको हसली. मीही हसलो, पण माझं लक्ष लागत नव्हतं. ‘जमलं तर येऊन जा’ हे शब्द मी आधी कुठे ऐकलेत हे मला आठवत नव्हतं, असं म्हणणं सोयीचं झालं असतं. मला आठवत होतं. ऑफिसात, त्याच्यासमोरच आठवलं होतं.

धरण आमच्या कल्पनेपेक्षा लहान निघालं. पण इतकी वर्षं फक्त समुद्र आणि नळ पाहिलेल्या माणसाला डोंगराच्या कुशीत थांबलेलं ते हिरवं पाणी फार होतं. वाराही गार होता. काठाशी पाचसहा तंबू होते. आम्ही जरा बाजूला जागा धरली. जमीन निव्वळ दगडगोट्यांची. दुकानातल्या पत्र्याच्या खुंट्या तिथे वाकल्या असत्या, पण त्याच्या खुंट्या दगडाने ठोकल्या तरी फुटल्या नाहीत. मुलगी एकेक खुंटी हातात देत होती आणि मोजत होती. तंबू उभा राहिला तेव्हा तिने आत जाऊन लोळण घेतली आणि आतूनच ओरडली, “इट्स अवर हाउस!” बायकोने स्टोव्हवर चहा टाकला, धपाटे आणि लसणाची चटणी काढली. इतका सुखाचा चहा मी त्या देशात क्वचितच प्यायलो असेन.

ऊन उतरलं तशी एक मोठी जीप पाण्यापर्यंत आली. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले तीन अरब भाऊ उतरले. त्यांनी मागचं दार उघडून एका म्हातारीला अलगद खाली घेतलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची दोन्ही बाजूंनी धरून पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली. एकाने खाली बसून तिच्या चपला काढल्या. तिचे पाय पाण्याला टेकले तसं तिने काहीतरी म्हटलं आणि ते तिघे मोठ्याने हसले. थोड्या वेळाने त्यांतला धाकटा आमच्याकडे खजुराची थाळी आणि कावा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, घेऊन आला. जुन्या दुबईतल्या माणसांसारखं तोडकंमोडकं हिंदी बोलत होता.

“हमारा माँ बोला, पानी देखना माँगता. बारिश के बाद बहुत पानी,” तो म्हणाला. मग मला विचारलं, “तुम्हारा माँ किधर?”

“इंडिया में. भाई के साथ.”

“ठीक है? तबियत?”

“ठीक है.”

“अल्हम्दुलिल्लाह,” म्हणून तो आईकडे परत गेला. खजूर उत्तम होते. मी एक खाल्ला आणि थाळी बायकोकडे सरकवली.

बायकोने ओळखलं. “काय झालं? दुपारपासून बघतेय, तुम्ही इथे नाहीच आहात.” मुलगी पाण्यात खडे टाकत होती, ती ऐकणार नाही इतक्या हळू आवाजात मी बायकोला सगळं सांगितलं. सुतार आला होता, काय म्हणाला, मी काय म्हणालो. सांगून झाल्यावर म्हणाली, “भाऊजींनी तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं?”

तो फोन आला तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती, तिला माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी पुण्याहून माझ्या भावाचा फोन आला होता. बाबांना जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा. आवाज अगदी शांत. आमच्याकडची सगळी घरं हे असंच करतात. परदेशात माणूस एकटा आहे, ऐकून हाय खाईल, विमानात त्याच्याकडे कोण बघणार, म्हणून गेल्याची बातमी कुणी फोनवर देत नाही. नुसतं ये म्हणतात, आणि तेही हातचं राखून. ज्याच्यावर एकदा ही वेळ आली त्याला पुढे कधी समजावून सांगावं लागत नाही. खरोखरचं आजारपण असेल तर घरचे डॉक्टरचं नाव सांगतात, औषधं सांगतात, तक्रारी करतात. काहीच सांगितलं नाही की समजायचं. मी भावाचा फोन ठेवला आणि पंधरा मिनिटांत माझा पासपोर्ट माझ्या हातात होता, कारण किल्ली माझ्याच खिशात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी चपलांचा ढीग पाहिला. लोक माझ्यासाठी थांबले होते. बाबांना मी खांदा दिला, अग्नी दिला.

“चला, परत जाऊ या,” बायको म्हणाली.

“आत्ता? संध्याकाळचं विमान तर आता गाठता येणार नाही. रात्रीच्या वेळी या डोंगरातून गाडी काढायची, पोरगी पेंगुळणार. आणि समज, त्याच्या आईला खरंच नुसता ताप असला तर?”

“तुम्हाला तसं वाटतंय?”

“उद्या पहाटे निघू.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि भांडी आवरायला घेतली. मी दिलेली कारणं खोटी नव्हती. पण खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. तीन आठवडे जिची वाट पाहिली ती एक रात्र मला हवी होती. माझी मुलगी तंबूत माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपावी एवढंच मला हवं होतं, आणि ते मी घेतलं.

सकाळी उजाडताच तंबू उतरवायला लागलो. मुलगी डोळे चोळत बाहेर आली आणि रडायलाच लागली. “बट वी जस्ट केम! यू सेड टू डेज!” बायकोने तिला जवळ घेतलं. “सुतारकाकांना त्यांच्या आईकडे जायचंय बाळा. त्यांचा पासपोर्ट बाबांच्या कपाटात आहे.”

मुलीने नाक पुसलं. “देन व्हाय डिडन्ट बाबा गिव्ह इट यस्टर्डे?”

मी खुंट्या उपटत होतो. त्या दगडांत अशा घट्ट बसल्या होत्या की चारपाच काही केल्या निघेनात. त्या तिथेच सोडल्या.

बायको आणि मुलीला करामात उतरवलं आणि तसाच अल क्वोजला गेलो. शुक्रवारची सकाळ, सगळ्या गोदामांची शटरं खाली. कपाट उघडलं. त्याचा पासपोर्ट शोधायला एक मिनिटही लागलं नाही. फोटोतला माणूस अकरा वर्षांनी तरुण होता, केस काळेभोर. मी तिथल्या तिथे रजेचा अर्ज माझ्याच हाताने भरला. कारणाच्या रकान्याशी पेन अडलं. मग ‘मदर’ एवढंच लिहून पुढची जागा कोरी ठेवली.

कॅम्पवरच्या त्याच्या खोलीत आठ माणसांचे पलंग होते. सुट्टी असल्यामुळे कुणी कपडे धूत होतं, कुणी कांदा चिरत होतं. तो त्याच्या पलंगावर बसला होता. दाढी केलेली, घडीचा शर्ट घातलेला, पायाशी बांधून तयार बॅग. “कालपासून असाच बसलाय,” शेजारचा म्हणाला. “जेवला पण नाही.” मी जायचं काही सांगितलेलं नसताना, शनिवारचा वायदा केलेला असताना, तो तयार होऊन बसला होता. मला पाहून तो चटकन उभा राहिला.

“साहेब, तुम्ही? तुमची सुट्टी?”

“चला,” मी म्हणालो. “विमानतळावर जाऊ. तिकीट तिथेच बघू.” माझ्या तोंडून ‘चल’ऐवजी ‘चला’ गेलं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तिकीट मिळालं, पण संध्याकाळचं. तोपर्यंत मी त्याच्याबरोबर विमानतळावरच बसलो. मी आणलेला चहा त्याने घेतला, सँडविच बाजूला ठेवलं. आईबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, “साहेब, तंबू नीट उभा राहिला ना? तिथली जमीन दगडी आहे म्हणतात. म्हणून मी लाकूड जरा जाडच घेतलं.”

“एकदम मजबूत,” मी म्हणालो. पाणी पिऊन येतो सांगून मी उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

तो सहा आठवड्यांनी परत आला. डोक्यावर केस नुकते वाढू लागले होते. मधल्या काळात मी मालकाला म्हटलं होतं, कपाटाची एक किल्ली कॅम्पवर ठेवू या, सुट्टीच्या दिवशी अडचण होते. मालक म्हणाला, इतकी वर्षं चाललंय ना, खलास. मी पुन्हा विषय काढला नाही.

तो ऑफिसात आला तेव्हा टाइमकीपर होता, दोन फोरमन होते. त्याने माझ्या टेबलावर एक पुडकं ठेवलं. आमसुलं होती. “आयेनंच सुकवलेली, गेल्या मे महिन्यात,” तो म्हणाला. “वहिनींना द्या.” मग त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, जसं कामाचं सांगतात तसं. आई बुधवारीच गेली होती. फोन आला तेव्हा ती या जगात नव्हतीच. मोठा मुलगा येईल म्हणून भावाने बंदरावरून मासळीवर घालतात तो बर्फ आणला, लाद्या फोडून आईच्या अंगाभोवती रचल्या. गुरुवार ठेवली. शुक्रवारीही दिवसभर ठेवली. दर एस.टी.ला पोरं फाट्यावर जाऊन बघून येत होती. सूर्य बुडायला आला तेव्हा गावातले जाणते म्हणाले, आता ठेवता येत नाही.

मी मनात हिशेब केला. तो कुणीही केला असता. गुरुवारी संध्याकाळच्या विमानाने गेला असता तर शुक्रवारी दुपारी तो फाट्यावर उतरला असता.

तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, “ह्या साहेबांनी बायकोपोरीची सुट्टी मोडलानी माझ्यासाठी. तंबू उपटून आले. शुक्रवारचे दिवसभर माझ्याबरोबर बसले. असा साहेब बघितला नाय मी.”

फोरमननी माना डोलावल्या. टाइमकीपर म्हणाला, “बरोबर आहे.”

“एक दिवस हुकला त्याचं काय,” सुतार मला म्हणाला. आवाज हळू केला, जणू माझीच समजूत काढत होता. “भावानं सरळ सांगितलान असतान तर मी तुमचे पाय धरले असते. मलाच कळलं नाय, तर तुम्हाला कसं कळणार साहेब?”

मला ‘जमलं तर येऊन जा’ ऐकताक्षणीच कळलं होतं. मी आमसुलांचं पुडकं उचललं, “असू दे, असू दे” म्हणालो आणि पुढचा कागद ओढून घेतला.